पेवातली ज्वारी

वडीगोद्रीतला आमचा वाडा गढी म्हणावा एवढा मोठा कधीच नव्हता. दगडी जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, ढेलज, चौक आणि माळवद. आजोबा मात्र त्याला गढीच म्हणायचे. त्यांच्या गोष्टीत १९४८ साली चौकातल्या पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, घरची माणसं रात्रभर लपली आणि वर निजामाच्या बाजूच्या रझाकारांचे घोडे फिरले.

आजी पदर तोंडाला लावून हसायची. "पेव उघडलं की आधी वारं लागू द्यावं लागतं. मग कंदील सोडायचा. इझला तर माणूस उतरत नाही. अन् हे म्हणं रातभर बसले!" कोंडलेल्या धान्याचा वायू तळाशी साचतो, त्यात माणसं गुदमरून मरतात, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. शिवाय पळायचंच तर लोक वरच्या अंगाला गोदावरी उतरून शेवगावकडे जात. तिथं निजामाची हद्द संपायची.

इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये स्टोनर नावाच्या जुन्या कॅथलिक घराण्याचा वाडा आहे, आठशेहून अधिक वर्षं एकाच कुळाकडे. कॅथलिक पाद्र्यांना लपूनछपून राहावं लागे त्या काळात, १५८१ साली, एडमंड कॅम्पियनचं पुस्तक तिथं चोरून छापलं गेलं. त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. आजोबांना आपला वाडा असा हवा होता.

आमच्या पेवात लपली ती ज्वारी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजाम सरकारनं लेव्ही लावली. पिकातला ठरलेला हिस्सा सरकारी भावानं घालावा लागे. आजी सांगायची, कडब्याचा थर देऊन पेव भरलं, तोंडावर शिळा ठेवली, वरून सारवलं आणि तिथंच वासरू बांधलं. पटवारी ढेलजेत चहा पिऊन गेला. त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

आजोबांनी ही गोष्ट कधी सांगितली नाही. रझाकारांच्या गोष्टीत आपण शूर ठरतो. लेव्हीच्या गोष्टीत पटवारी आपला, चहाही आपला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं संस्थान भारतात आलं, पुढच्याच वर्षी जहागिऱ्या गेल्या, आणि गावोगावच्या वाड्यांना अचानक क्रांतिकारकांचा इतिहास फुटला. त्यातला काही खरा आहे, आमचा नाही.

मी आजीचं खरं मानतो. तिनं आणखी एक सांगितलं होतं. ज्यांच्या घरी पेव नव्हतं, त्यांचं धान्य कणगीत, दारातून दिसेल असं. लेव्ही भरली ती त्यांनी.