पिंपाचं लाकूड, चाळीची तुळई

मुलुंडला राहणारे माझे एक स्नेही आहेत. मूळचे गिरगावातले. साठच्या दशकात अनेक मराठी कुटुंबं चाळीतली खोली सोडून मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीकडे सरकली, त्यांतलंच हे एक. काही वर्षांपूर्वी त्यांची जुनी चाळ पुनर्विकासासाठी पाडली गेली. हे सहज बघायला म्हणून गेले आणि येताना टेम्पोत घालून सागवानी तुळईचा एक लांबलचक तुकडा घेऊन आले. घरच्यांनी कपाळाला हात लावला. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तुळई ठेवायची कुठे? वर्षभर ती गॅलरीत पडून होती. शेवटी एका सुताराला गाठून त्यांनी तिच्या फळ्या काढून घेतल्या आणि गाणं ऐकण्याच्या स्पीकरसाठी दोन पेट्या करून घेतल्या.

त्या पेट्यांवर मला गाणं ऐकवताना ते म्हणाले, "शंभर वर्षांचं लाकूड आहे. म्हणून तर आवाज असा पिकलेला येतो."

वाक्य ऐकायला गोड आहे. पण ते खरं आहे का? जुन्या लाकडाने आवाज खरोखर सुधारतो का? आणि हे लाकूड गिरगावात आलं तरी कुठून? आज या दोन प्रश्नांविषयी बोलायचं आहे.

असा विचार करणारे आमचे स्नेही काही पहिले नव्हेत. जपानमधल्या पायोनियर या कंपनीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणलेल्या स्पीकरच्या पेट्या व्हिस्कीच्या जुन्या पिंपांच्या लाकडाच्या होत्या. पिंपं होती सनटोरी या मद्य कंपनीची, ओक लाकडाची. आपल्याकडे पिंप म्हटलं की पाण्याचं पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं पिंप आठवतं. मूळ शब्द आला पोर्तुगीजांकडून, आणि त्यांचं पिंप लाकडीच होतं. व्हिस्की आजही लाकडी पिंपातच मुरते. आपल्या शेजारी गोव्यात, कुंकळ्ळीला, पॉल जॉन या नावाची व्हिस्की बनते, तीही ओकच्या पिंपांत मुरवलेली असते.

ओकच का? पांढऱ्या ओकच्या लाकडातल्या बारीक नळ्या झाड जिवंत असतानाच आतून बुजत जातात. त्यामुळे पिंप झिरपत नाही. अमेरिकेतल्या बर्बन व्हिस्कीला कायद्याने नवं, आतून जाळलेलं पिंप लागतं. एकदा वापरलेलं पिंप तिथे पुन्हा बर्बनसाठी चालत नाही. मग ती पिंपं स्कॉटलंडला आणि इतरत्र जातात आणि तिथे पुन्हा पुन्हा भरली जातात. अशी पन्नास-साठ वर्षं गेली की लाकडातला अर्क संपतो. व्हिस्कीला द्यायला त्याच्याजवळ काही उरत नाही. पण लाकूड शाबूत असतं. त्याचं करायचं काय, या प्रश्नातून कुणी खुर्च्या केल्या, कुणी जमिनीच्या फरश्या केल्या आणि कुणी स्पीकर.

आता आवाजाकडे वळू. मिरजेला सतारी आणि तंबोरे बनतात. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून चालत आलेली दीड शतकाहून जुनी ही परंपरा आहे, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा मंगळवेढा, पंढरपूर भागातला. तो निवडून, वाळवून, तासून इतका हलका करतात की तार छेडली की अख्खा भोपळा बोलतो. वाद्याचं अंग बोललंच पाहिजे. ते बोललं नाही तर वाद्य फुकट.

स्पीकरच्या पेटीचं काम याच्या नेमकं उलट आहे. तिने गप्प बसायचं. स्पीकरमधला कागदी शंकू पुढे-मागे हलतो आणि हवा ढकलतो. अशा प्रकारचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी अमेरिकेत १९२५ मध्ये जगापुढे आणला. आजही बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. शंकू पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची सैल होते. पेटी नसेल तर पुढची हवा कडेने वळसा घालून मागे जाते आणि खर्जातला आवाज आपल्याआपणच मारला जातो. सुटा स्पीकर हातात धरून वाजवला की तो टिनपाट वाजतो, तो यामुळे. पेटी मागची हवा कोंडून ठेवते. पण ही पेटी स्वतःच थरथरू लागली तर गायकाच्या आवाजात तिचा आवाज मिसळतो. गाणं गायकाचं ऐकायचं की पेटीचं?

म्हणून पेटीसाठी लाकूड हवं ताठ, आतल्या आत थरथर जिरवणारं आणि सांधे न सोडणारं. यातली शेवटची अट मुंबईकरांना वेगळी सांगायला नको. आषाढात दार फुगतं आणि दिवाळीनंतर आपोआप लागायला लागतं, हे आपण सगळेच पाहतो. पेटीचा सांधा असा उघडला तर त्यातून हवा फसफसते. मोठे कारखानदार म्हणूनच खऱ्या लाकडाच्या वाटेला जात नाहीत. लाकडाचे तंतू दाबून केलेला एमडीएफ वापरतात. तो सगळीकडे सारखा असतो, फक्त पाण्याशी त्याचं जमत नाही.

जुन्या लाकडाचा फायदा इथे आहे, आणि एवढाच आहे. पन्नास किंवा शंभर वर्षं उन्हाळे-पावसाळे सोसलेल्या लाकडातले ताण बरेचसे निवळलेले असतात. जे वाकायचं, तडकायचं ते होऊन गेलेलं असतं. पिंपाच्या फळ्या वाकड्या असतात, त्यांतून सरळ पट्ट्या निघतात त्या अरुंद. त्या शेजारी शेजारी चिकटवाव्या लागतात, आणि त्यामुळेही फळा वाकायची भीती कमी होते. व्हिस्कीचा आवाजाशी काही संबंध नाही. आमच्या स्नेह्यांचा आवाज पिकलेला येतो, त्याचं श्रेय मुख्यतः स्पीकरला, पेटीच्या मापाला आणि सुताराच्या सांध्यांना आहे.

मग जुन्या रेडिओचा आवाज गोड होता, ही आठवण खोटी का? खोटी नाही, तिचं कारण वेगळं आहे. मुंबई केंद्राचं उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. तेव्हा रेडिओ बाळगायला वर्षाला दहा रुपयांचा परवाना लागे. पुढे घराघरांत आले ते व्हॉल्व्हचे रेडिओ. व्हॉल्व्ह तापत, म्हणून पेटीची पाठ भोकांच्या पुठ्ठ्याने झाकलेली, जवळजवळ उघडीच असे. पेटी पातळ प्लायवूडची, वरून सुंदर व्हिनियर. ती निवेदकाबरोबर थोडी बोलत असे. तो जो भरदार, गुबगुबीत आवाज आपल्या कानांत आहे, त्यात थोडा वाटा पेटीच्या या खोडीचा होता. म्हणजे अभियंत्याच्या दृष्टीने जो दोष, तोच आपल्या आठवणीतला गोडवा.

या पेट्यांचा इतिहास आपल्या उपनगरांच्या आसपासच घडला. मुलुंडची हद्द ओलांडली की ठाणं. तिथे मर्फी रेडिओचा कारखाना होता. मर्फीचं बाळ अजून अनेकांना आठवत असेल. मूळच्या इंग्लंडमधल्या मर्फी कंपनीने आपल्या पेट्यांचं काम आर. डी. रसेल या फर्निचरच्या जाणकाराकडे दिलं होतं. रेडिओ म्हणजे दिवाणखान्यातलं लाकडी सामान, अशी ती दृष्टी. दुसरीकडे अंधेरीला नॅशनल एको, म्हणजेच पुढची नेल्को. ही कंपनी १९४० मध्ये स्थापन झाली. तिच्या नावातला 'एको' हा इंग्लंडमधल्या ई. के. कोल यांच्या कंपनीचा. त्या कंपनीने तीसच्या दशकात लाकूड सोडून बेकेलाइट या कृत्रिम पदार्थाच्या पेट्या साच्यातून काढल्या. लाकूड की साचा, हा वाद असा जुना आहे. पुढे ट्रान्झिस्टर आला, रेडिओ पिशवीत मावू लागला आणि वाद साच्याने जिंकला.

आता त्या तुळईकडे परत येऊ. ती गिरगावात आली कुठून?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गिरण्यांच्या आणि गोदीच्या या शहरात तेव्हा चाळींमागून चाळी उभ्या राहत होत्या, आणि त्यांचे खांब, तुळया, जिने लाकडाचे असत. मलबारचा, डांगचा साग होताच. पण मोठ्या मापाच्या सरळ तुळयांसाठी मान होता ब्रह्मदेशच्या सागाला. हा व्यापार करणाऱ्या बलाढ्य कंपन्यांपैकी एक, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, १८६३ मध्ये याच मुंबईत स्थापन झाली होती. तोडलेल्या ओंडक्यांची संख्या कमी दाखवून राजाचं देणं बुडवलं, असा आरोप ठेवून १८८५ मध्ये ब्रह्मी दरबाराने तिला सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड केला. इंग्रजांना राज्य गिळायला निमित्तच हवं होतं. नोव्हेंबरमध्ये युद्ध झालं, दोन-तीन आठवड्यांत संपलं आणि राजा थिबा कैद झाला. त्याला आणून ठेवलं ते आपल्या रत्नागिरीत. १९१६ मध्ये तिथेच त्याने देह ठेवला. थिबा राजवाडा आपण सहलीला जाऊन पाहतो, पण त्या कैदेचं एक कारण सागाचे ओंडके होते, हे सहसा कुणी सांगत नाही. राजा कोकणात आला आणि त्याच्या देशातल्या जंगलाचा साग मुंबईच्या गोदीत उतरत राहिला.

आमच्या स्नेह्यांची तुळई त्याच जंगलातली होती की मलबारची, हे सांगता येणार नाही. पण तिच्या कापलेल्या टोकाकडे पाहिलं तर वर्षवलयं अगदी दाट दिसतात. जंगलात सावकाश वाढलेलं झाड ते. आजचा लागवडीचा साग लवकर तोडतात, त्याची वलयं बहुधा रुंद असतात. शिवाय म्यानमारने एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. तेव्हा जुना ब्रह्मी साग आता मिळायचा तो मुख्यतः पाडलेल्या घरांतून.

मुंबईत हा माल जिथे पोचतो त्यातलं एक मोठं ठिकाण म्हणजे जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार. पाडलेल्या वास्तूंचे दरवाजे, खिडक्या, कठडे, तुळया तिथे येऊन पडतात. माणसं आधी उपनगरात आली, त्यांच्या घरांची लाकडं मागाहून आली. तिथला अनुभवी कारागीर तुळई हातात आली की आधी तिच्यातले खिळे शोधतो, कारण एक खिळा राहिला तरी करवतीचं पातं जातं. वाळवी लागलेला भाग काढून टाकतो. सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी कड पुसून घ्यावी लागते. सागातल्या वाळूच्या अंशाने हत्यारं लवकर बोथट होतात. एमडीएफच्या पेटीपेक्षा या कामाला कितीतरी जास्त वेळ आणि पैसा लागतो. आणि हे सगळं कोरडं लाकूड दाटीवाटीने रचलेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये या बाजाराला मोठी आग लागली आणि अनेक दुकानं जळाली. शंभर वर्षं चाळ तोलून धरलेलं लाकूड एका दुपारी जाऊ शकतं.

हे सगळं मी आमच्या स्नेह्यांना सांगितलं. लाकडामुळे आवाज गोड होत नाही, हेही सांगितलं. ते जरा हिरमुसले. मग पेटीच्या कडेला खिळ्याचं एक काळं भोक होतं, सुताराने बुजवायला सांगूनही त्यांनी तसंच ठेवलेलं, ते दाखवून म्हणाले, "इथे आमच्या आईचा पाळणा टांगायचा हूक होता. आवाजाचं तुम्ही म्हणता तसं असेल."

आज गिरगाव-लालबागच नव्हे, तर घाटकोपर, मुलुंड, अंधेरीतल्याही जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. करारात चौरस फूट, भाडं, पार्किंग सगळं लिहिलेलं असतं. लाकडाचा उल्लेख बहुधा नसतो. ते पाडणाऱ्या कंत्राटदाराच्या हिशेबात जातं आणि पुढे त्याचं काय होतं, हे घरमालकाला कळतही नाही. आपली इमारत पाडायला निघाली तर एकदा वर पाहा. तुळई सागाची असेल तर तिचं काय होणार, हे सह्या करण्याआधी विचारा. तिचा स्पीकरच व्हायला हवा असं नाही. एखादा पाट झाला, देवघराची चौकट झाली, तरी पुष्कळ आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)