म्हातारपणाच्या मनाचा जमाखर्च

आमच्या परभणीकडे म्हाताऱ्या माणसाला ‘काय म्हणते तब्येत?’ असे विचारले, की उत्तर गुडघ्याचे येते, डोळ्यांचे येते, फार तर पावसापाण्याचे येते. मनाचे उत्तर येत नाही, कारण मनाविषयी कोणी विचारलेलेच नसते. हे विचारणे आणि ऐकलेले नीट टिपून ठेवणे, याचे आता जगात एक शास्त्र झाले आहे. शास्त्र म्हटले की पैसा आला, आणि पैसा आला की हिशेब आला. लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत आपण चोपड्या पुजतो. त्या निमित्ताने या एका निराळ्या चोपडीची हकीकत सांगावीशी वाटते.

अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९५८ साली निरोगी माणसांना वर्षानुवर्षे तपासत राहून म्हातारपण न्याहाळण्याचे काम सुरू झाले. पण वार्धक्याच्या संशोधनासाठी स्वतंत्र सरकारी संस्था निघायला १९७४ साल उजाडावे लागले. तिचे पहिले संचालक रॉबर्ट बटलर हे मनाचे डॉक्टर. म्हातारी माणसे जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा उगाळतात ते बुद्धी नासल्यामुळे नव्हे; ती आपल्या आयुष्याचा ताळेबंद मांडत असतात, असे त्यांनी १९६३ सालीच लिहून ठेवले होते. आपल्या ओसरीवरच्या आजोबांची बाजू घेणारा हा पहिला वकीलच म्हणावा!

पण बटलर व्यवहारही जाणून होते. नुसत्या म्हातारपणासाठी लोकप्रतिनिधी थैली सैल सोडत नाहीत, रोगाचे नाव घेतले की सोडतात, हे त्यांनी ओळखले आणि स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर रोगाला अग्रभागी ठेवले. रोगाबरोबर सुखदुःखाचाही अभ्यास व्हावा म्हणून १९७९ साली मटिल्डा व्हाइट रायली या समाजशास्त्रज्ञ बाई संस्थेत आल्या. त्या वेळी त्या स्वतःच सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या.

अनुदान देण्याची तिथली रीत अशी. अभ्यासक अर्ज करतो, त्याच विद्येतले पारखी तो तपासून गुण देतात, सल्लागार मंडळ त्यावर विचार करते, आणि मग रक्कम मिळते. पुढे दर वर्षी प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो. या साऱ्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने पैशाचा हिशेब कडक ठेवायचा, पण उत्तर काय यावे यात बोट घालायचे नाही. शिवाय त्याला धीर हवा. ज्वारी चार-साडेचार महिन्यांत हाती येते. माणसाचे मन पिकायला सारा जन्म लागतो.

हा धीर फळाला आल्याचे एक उदाहरण सांगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॉरा कार्स्टेन्सन यांनी १८ ते ९४ वर्षे वयाच्या माणसांना आठवडाभर, दिवसातून अनेकदा, ‘या क्षणी कसे वाटते?’ असे विचारले. आणि पाच-पाच वर्षांच्या अंतराने पुन्हा विचारले. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वयाबरोबर मन एकंदरीत अधिक निवांत होते, असा तो निघाला. एकाच वर्षाचे अनुदान असते, तर हे कधी कळलेच नसते.

आपल्या देशात दुसरीच अडचण होती. परदेशी कसोट्या लिहित्या-वाचत्या माणसांसाठी बेतलेल्या. ‘एक वाक्य लिहा’ म्हटले, तर निरक्षर आजीने काय करावे? हरियाणातील बल्लभगड येथे भारतीय व अमेरिकी अभ्यासकांनी त्याच संस्थेच्या अनुदानावर काम केले, तेव्हा १९९५च्या सुमारास हिंदी कसोटी तयार झाली. तिच्यात वाक्य लिहिण्याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काही सांगा’ असे विचारले जाते. घराबद्दल सांगायला कुठल्या आजीला अक्षरे लागतात?

पुढे मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने मोठाच पल्ला गाठला. भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि दोराबजी टाटा न्यास यांच्या साहाय्याने ही संस्था १९५६ साली निघाली. २०१७-१८ मध्ये तिने देशभरातील ४५ वर्षांवरील माणसे व त्यांचे जोडीदार मिळून ७२,२५० जणांची विचारपूस केली. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, अमेरिकेतील तीच वार्धक्य-संस्था आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी खर्च उचलला. जानेवारी २०२१ मध्ये अहवाल आला. त्यातील एक आकडा मला विसरता येत नाही. साठीपुढच्या हजार माणसांत डॉक्टरांनी खिन्नतेचे निदान केलेली माणसे आठ; आणि लक्षणे विचारून पाहिली, तर तशी माणसे त्र्याऐंशी! म्हणजे दहापैकी नऊ जणांचे दुखणे, कोणी विचारले नाही म्हणून झाकलेले राहिले.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. २०१७ साली ज्यांनी साठी गाठलेली होती, ती माणसे १९७२च्या दुष्काळात निदान पंधरा वर्षांची होती. पंचाहत्तरी गाठलेल्यांनी १९४८चे निजामी अमलाचे शेवटचे दिवस लहानपणी पाहिले होते. जिंतूर-पाथरीच्या खडी केंद्रावर ऐन उमेदीत दगड फोडलेले मन पुढे कणखर होते की कायमचे कातर? स्टॅनफर्डमधला निवांतपणा इथे लागू पडतो काय? ही उत्तरे अमेरिकेतून येणार नाहीत. ज्या वर्षी दुष्काळ पडला, त्याच १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ निघाले. पीक वर्षानुवर्षे कसे न्याहाळावे, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे. तीच चिकाटी माणसाच्या बाबतीत दाखवायची आहे. त्यासाठी दहा-वीस वर्षे न आटणारा पैसा हवा, चोख हिशेब हवा, आणि प्रश्न आपल्या बोलीतला हवा. कारण या अभ्यासाचे भांडवल तिजोरीत नाही, ओसरीवर बसलेले आहे, आणि ते दर वर्षी कमी होते आहे.

तोवर, वाचकहो, एक लहानसे काम विनाअनुदान होण्यासारखे आहे. फराळाचे ताट पुढे ठेवताना घरातल्या वडीलधाऱ्यांना गुडघ्याच्या पलीकडचे काही विचारा, आणि उत्तर पुरे होईपर्यंत उठू नका.