अंबराचं कूळ शोधताना

१८७६ साली हाइनरिख श्लीमान यांनी ग्रीसमधल्या मायसिनीची राजथडगी उकरली. सोन्याच्या मुखवट्यांनी जगाचे डोळे दिपले. पण त्याच थडग्यांत, वरून काळवंडलेले आणि तडे गेलेले अंबराचे मणीही शेकड्यांनी निघाले. अंबर म्हणजे झाडाचा चीक जमिनीत गाडला जाऊन कोट्यवधी वर्षांत घट्ट झालेली राळ. हे मणी उत्तरेकडच्या बाल्टिक किनाऱ्यावरून आले की जवळच्या इटलीतून? हे गूढ कायमच राहणार, असं खुद्द श्लीमान यांना वाटत होतं. नुसता रंग किंवा चकाकी पाहून अंबराचं गाव सांगता येत नाही, हे त्यामागचं कारण.

उत्तराची पहिली वाट काढली डान्झिगच्या, म्हणजे आजच्या ग्दान्स्कच्या, ओटो हेल्म या औषधविक्रेत्यानं. अंबर बंद पात्रात तापवलं की त्यातून एक आम्ल निघतं, हे सोळाव्या शतकात खनिजतज्ज्ञ आग्रिकोला यांनी लिहून ठेवलं होतं. त्याला आता सक्सिनिक आम्ल म्हणतात. बाल्टिक अंबरात ते ३ ते ८ टक्के असतं, असं हेल्म यांनी मोजून दाखवलं. मायसिनीच्या मण्यांतही त्यांना ते आम्ल सापडलं, आणि मणी बाल्टिकचेच, असा निर्वाळा त्यांनी दिला.

हा निर्वाळा सगळ्यांना पटला नाही, आणि शंका रास्त होत्या. हेच आम्ल इतर काही जीवाश्म राळांतही मिळतं, हे पुढे उघड झालं. शिवाय चाचणीसाठी मणी खर्ची घालावा लागे. साडेतीन हजार वर्षं टिकलेली वस्तू नष्ट करून तिचं मूळ गाव विचारायचं, आणि तरी उत्तर पक्कं नाही!

ही कोंडी फोडली कर्ट बेक यांनी. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासर कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत. त्यांनी अंबराचा जेमतेम दोन मिलिग्रॅम चुरा घेतला, पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये घोटून त्याची पारदर्शक चकती दाबली आणि तिच्यातून अवरक्त किरण सोडले. रेणूंमधला प्रत्येक बंध ठरावीक लहरी शोषतो. कोणत्या लहरी किती अडल्या, याचा आलेख कागदावर उमटतो. बाल्टिक अंबराच्या आलेखात १२५० ते ११७५ प्रति सेंटीमीटर या तरंगसंख्यांच्या टप्प्यात रेघ जवळजवळ आडवी धावते आणि लगेच ११५० च्या आसपास खोल उतरते. ही खूण ‘बाल्टिक खांदा’ म्हणून ओळखली जाते. १९६४ मध्ये बेक आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात मांडली. जुनं अंबर हवेनं झिजलं की हा खांदा उतरता होतो, हेही बेक यांनी हिशेबात धरलं. मायसिनीचे मणी या कसोटीवर उतरले. हेल्म यांचा निष्कर्ष बरोबर होता. कमी होता तो पुरावा.

त्यामुळे इतिहासात मोठी भर पडली. दीड-दोन हजार किलोमीटरांवरून राळ दक्षिणेला पोचवणाऱ्या माणसांनी एक ओळही लिहून ठेवलेली नाही. त्यांच्या व्यापाराची साक्ष आता त्यांचा मालच देतो. सीरियातल्या कत्ना इथल्या राजथडग्यात सिंहमुखाचं एक अंबरी पात्र मिळालं. तेही बाल्टिक अंबराचं असल्याचं २००८ मध्ये रासायनिक तपासणीनं सिद्ध झालं.

अंबराचं रसायन तपासणं आपल्या शेजारी, गुजरातेतही कामी आलं. सुरतजवळच्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत पाच कोटी वर्षांहून जुनं अंबर आहे. त्यावरचं संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचाही वाटा होता. रसायनानं सांगितलं की ही राळ शालकुळातल्या झाडांची. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी राळ शालवृक्षाचीच, म्हणजे याच कुळातली. वस्तानचं अंबर बाल्टिकइतकं घट्ट जुळलेलं नसल्यामुळे टोल्युईन आणि क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं, आणि आतला कीटक अख्खा बाहेर काढता येतो. असे सातशेहून अधिक कीटक आणि कोळीवर्गीय जीव त्यात मिळाले. त्यांपैकी अनेकांचे सगेसोयरे युरोप-आशियातले निघाले. आशियाला भिडण्यापूर्वी भारत फार काळ एकाकी होता, या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला.

अंबराचं मूळ रसायनावरून शोधण्याच्या या पद्धतीची थोरवी मला तिच्या संयमात दिसते. प्रत्येक टप्प्यावर तिनं वस्तूकडून कमी घेतलं आणि उत्तर जास्त नेमकं दिलं. म्हणूनच उत्खननात पिवळसर, हलका मणी हाती आला, की केवळ नजरेच्या भरवशावर ‘अंबर’ अशी नोंद करून थांबणं आता योग्य नाही. तो अंबर आहे, कोवळी राळ आहे की आणखी काही, आणि आला कुठून, हे विचारायला दोन मिलिग्रॅम पुरतात. तेवढी तपासणी उत्खननाच्या नेहमीच्या कामाचाच भाग व्हायला हवी.