भंगार की ठेवा?

बालाघाट जिल्ह्यातील किरनापुरासारख्या गावी बंद दुकानाच्या माळ्यावर मोटारीचे जुने, कोरे सुटे भाग निघाले, तर मालकाला प्रथम भंगारवाला आठवतो. पण लोखंडाचे मोल वजनावर ठरते, सुट्या भागाचे मात्र त्याची गरज असलेल्या गाडीवर.

१९४४ साली वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली. आयातीवर निर्बंध होते, म्हणून दुकानदार सुटे भाग साठवीत. टॅक्सी धावत होती तोवर गिऱ्हाईक रोजचे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली आणि हे गिऱ्हाईक संपले. उरले ते जुनी गाडी जिव्हाळ्याने जपणारे मोजके शौकीन.

त्यांच्या लेखी मूळ वेष्टन व त्यावरील क्रमांक यांना मोल असते. तेलात राखलेले पोलाद टिकते. रबर मात्र न वापरताही कडक होते. म्हणून प्रत्येक भाग ओळखून, यादी करून, वेगळा विकावा. भाव ठरविताना दुकानदार काय मागतो हे न पाहता, माल प्रत्यक्ष कितीला गेला हे पाहावे. तराजूत एकदा पडलेला भाग पुन्हा गाडीला लागत नाही.