नाळेवरचे प्रवचनपीठ

लहान यांत्रिक होड्यांच्या नाळेपुढे, पाण्यावर हातभर आलेली लाकडी फळी पुष्कळदा दिसते. तिच्या टोकाला रूळ असतो आणि त्यावर नांगर विसावलेला असतो. इंग्रजी नाविक तिला 'पल्पिट' म्हणतात. शब्द चर्चमधल्या प्रवचनपीठाचा. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर तलवारमाशाची शिकार करणारा भालाईत अशाच पुढे काढलेल्या फळीच्या टोकाशी, कठड्याच्या आधाराने उभा राहत असे. ते दृश्य पाहिले की शब्दाचे आश्चर्य वाटत नाही.

साहित्यात हा प्रवास उलट दिशेने झाला. हर्मन मेल्व्हिलच्या 'मोबी डिक'मध्ये (१८५१) न्यू बेडफर्डमधल्या खलाशांच्या प्रार्थनामंदिराचे प्रवचनपीठच जहाजाच्या नाळेच्या आकाराचे आहे. फादर मॅपल दोरशिडीने वर चढतो आणि शिडी ओढून घेतो. तिथल्या खऱ्या मंदिरात असे काही नव्हते. १९५६च्या चित्रपटानंतर येणारे लोक ते शोधू लागले, तेव्हा १९६१मध्ये तसे पीठ बांधण्यात आले.

होडीवरच्या फळीचे मात्र रूपकावर भागत नाही. शिडाच्या जहाजांवर नाळेच्या दोन्ही बाजूंना जाड तुळया बाहेर काढलेल्या असत. इंग्रजीत त्यांना 'कॅटहेड' म्हणत आणि टोकावर अनेकदा सिंहाचा किंवा मांजराचा चेहरा कोरत. वर येणारा अवजड नांगर जहाजाच्या अंगावर आपटू नये, हा त्यांचा हेतू. पुढे एकोणिसाव्या शतकात आडव्या दांड्यावाचूनचा नांगर आला. तो नाळेतल्या नळीत ओढून घेता येऊ लागला आणि तुळया मागे पडल्या. लहान होडीत अशी नळी क्वचितच मावते. तिथे तुळईचे जुने काम ही फळी करते.

१९३३ साली केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री इंग्रॅम टेलर यांनी शेतातल्या नांगराच्या फाळासारखा हलका नांगर तयार केला. त्याची भिस्त वजनावर नसून तळात रुतण्यावर आहे. मराठी वाचकाला येथे थबकावेसे वाटते. आपला शेतीचा 'नांगर' संस्कृत 'लांगल'च्या कुळातला, तर जहाजाच्या नांगराचे नाते फारसी 'लंगर'शी. दोन कुळांतले शब्द मराठीच्या तोंडी एक झाले होते; टेलर यांनी वस्तूही जवळ आणल्या.

असा नांगर डेकवर सपाट बसत नाही, म्हणून फळी आणि रूळ. फळी आरपार बोल्टांनी जखडतात आणि डेकखाली जाड ठोकळा देतात. तरीही नांगराचा दोर अखेर डेकवरच्या भक्कम खुंट्यालाच बांधायचा असतो. फळीने दोराला वाट द्यावी, ओढ खुंट्याने सोसावी. इंजिन बंद पडले आणि वारा खडकांकडे लोटू लागला, की ही विभागणी बरोबर होती की नाही ते कळते. शोभेसाठी लावलेली फळी त्या वेळी प्रथम उखडते. प्रवचनपीठाचीही परीक्षा बहुधा अशाच वाऱ्यात होत असावी.