ऑक : ओळी वाचणाऱ्या आणि स्वतःलाही मोजणाऱ्या साधनाचा इतिहास

१/ ‘फेडरलिस्ट पेपर्स’ म्हणजे १७८७-८८मध्ये ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने लिहिले गेलेले ८५ निबंध. त्यांतील १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ चालला. १९६४ साली मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी शब्दांची वारंवारता मोजून मॅडिसनच्या बाजूने कौल दिला. हॅमिल्टन ‘व्हाइल’ लिहितो, मॅडिसन ‘व्हिल्स्ट’. लेखक अशा किरकोळ शब्दांतच सापडतो.

२/ याच निबंधांवर पुढे बेल लॅब्समधील ली मॅकमहन यांना संगणकाने काम करायचे होते. मजकूर मेगाबाइटभर; त्या काळच्या पीडीपी-११ यंत्रावरील ‘एड’ या संपादकात तो मावेना. तेव्हा केन थॉम्प्सन यांनी ‘एड’मधील नमुना शोधणारा भाग सुटा केला. तोच १९७३चा ‘ग्रेप’. ही हकिकत ब्रायन कर्निघन सांगतात. डग मॅक्‌इलरॉय यांच्या आठवणीत मात्र मागणी त्यांची स्वतःची आहे. अवघ्या पन्नास वर्षांपूर्वीच्या घटनेलाही दोन साक्षी आहेत, हे आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना फारसे नवलाचे नाही.

३/ ग्रेप ओळ शोधून देतो, पण ओळीतला तिसरा रकाना काढून त्याची बेरीज करणे त्याच्या आवाक्यात नाही. ती उणीव १९७७ साली एहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी भरून काढली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून नाव पडले ‘ऑक’. त्याची रचना दोन अंगांची : आधी नमुना, मग महिरपी कंसात कृती. एकेक ओळ वाचायची, रकाने पाडायचे, नमुना जुळला तर कृती करायची. फाइल कितीही मोठी असली तरी एका वेळी हाती एकच ओळ असल्याने स्मृतीवर भार पडत नाही. हे कारकुनी शहाणपण मला फार मोलाचे वाटते.

४/ कर्त्यांची कल्पना एक-दोन ओळींच्या आज्ञावलींची होती. लोकांनी पानेच्या पाने लिहिली. मग प्रश्न आला : एवढ्या लांब आज्ञावलीत वेळ जातो कोठे?

५/ डोनाल्ड नूथ यांनी १९७१ सालीच फोरट्रान आज्ञावली तपासून दाखवले होते की, साधारणपणे चार टक्क्यांहून कमी भाग निम्म्याहून अधिक वेळ खातो. अंदाजाने तो भाग सापडत नाही, मोजावेच लागते.

६/ ऑकच्या १९८८च्या पुस्तकात यावर दिलेला उपाय मोठा देखणा आहे. ऑकमध्येच लिहिलेली एक छोटी आज्ञावली दुसरी ऑक आज्ञावली वाचते आणि प्रत्येक उघडत्या महिरपी कंसापाशी एक मोजणी पेरते. काम संपले की आकडे फाइलीत उतरतात. दुसरी आज्ञावली ते मूळ ओळींशेजारी छापते. कोणती ओळ हजारदा चालली, कोणती एकदाही नाही, हे डोळ्यांसमोर येते. मजकूर उपसण्याचे साधन स्वतःच्याच लेखनाला मजकूर मानून उपसते! ‘गॉक’ या ग्नू आवृत्तीत आज हीच सोय एका पर्यायाने मिळते.

७/ जाता जाता आपल्या कामाचे. मूळ ऑक अक्षरे नव्हे, बाइट मोजत असे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे. म्हणून ‘बखर’ या शब्दाची लांबी तो ९ सांगे. २०२२मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, कर्निघन यांनी स्वतः त्यात युनिकोडचा आधार घातला. आता उत्तर ३ येते.