तीन राजवटींतील एक विद्यालय

खटकचिंचोळी हे बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातील एक गाव. या टापूतील जुनी खरेदीखते आम्हां वकिलांच्या मेजावर येतात, तेव्हा एकाच कागदात तीन पिढ्या भेटतात. मजकूर उर्दूत, साल फसली, आणि तळाशी विकणाराची सही मोडीत. तो कागद घेऊन समोर बसलेला नातू आमच्याशी मराठीत बोलतो, परंतु लिहितो-वाचतो ते कानडी. आजोबांची सही त्याला लागत नाही. मग मजकुराची गोष्टच नको. हे अंतर कोणी पाडले? राजवटींनी पाडले, हे तर खरेच. पण राजवट घरात शिरते ती शाळेच्या दारातून, आणि त्यातही हायस्कुलाच्या. प्राथमिक शाळा मुलाला अक्षर देते. कोणत्या भाषेत विचार करावयाचा आणि अर्ज लिहावयाचा, हे हायस्कूल ठरविते.

निजामी अमदानीत शाळेच्या पायऱ्या तहतानिया, वस्तानिया आणि फोकानिया अशा होत्या. फोकानिया म्हणजे हायस्कूल. तेथवर पोचावयाचे तर उर्दूवाचून गत्यंतर नसे. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि उच्च शिक्षणही उर्दूतून देऊ लागले. एका देशी भाषेतून विज्ञान व कायदा शिकविण्याचे ते धाडस मोठे होते, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. पण ज्या रयतेच्या पैशावर ते उभे राहिले, तिच्यातील बहुतेकांची भाषा उर्दू नव्हती. ती तेलुगू, मराठी वा कानडी होती. खटकचिंचोळीसारख्या गावातील मुलाला घरची भाषा उंबरठ्याबाहेर ठेवूनच पुढे जावे लागे.

या पार्श्वभूमीवर १९०७ साली गुलबर्ग्यात नूतन विद्यालय निघाले. केशवराव कोरटकर व विठ्ठलराव देऊळगावकर यांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. हैदराबादेतील विवेकवर्धिनीच्या उभारणीतही केशवरावांचा हात होता. ते वकील होते आणि पुढे हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. वकिलाने शाळा काढावी, यात आम्हांस नवल वाटत नाही. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे हे ठाऊक नसलेला माणूस रोज ज्याच्या दाराशी येतो, त्याला शाळेची गरज पंतोजीइतकीच कळते.

त्याच सुमारास, १९०८ साली, पोर्तुगीज अमलाखालील पणजीत मुष्टिफंड संस्था उभी राहिली. घरोघर मूठभर तांदूळ बाजूला काढावयाचे आणि त्यावर मराठी शाळा चालवावयाची, अशी ती कल्पना. गुलबर्गा व पणजी यांच्यात शेकडो मैलांचे अंतर आणि राजवटीही निराळ्या. परंतु दोन्हीकडे समाजाने एकच निष्कर्ष काढला होता. सरकार आपली भाषा शिकविणार नसेल तर ती आपण शिकवू. त्यासाठी सनद नसली तरी चालेल, मूठ मात्र हवी.

सनद नव्हतीच. १९२४ च्या सुमारास हैदराबाद संस्थानात खाजगी शाळांना पूर्वपरवानगीची अट घालण्यात आली आणि अनेक लहान शाळा मिटल्या. जाच केवळ मराठीला होता असे समजणे चुकीचे ठरेल. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरू यांनी दारावर उर्दू पाटी लावून आत कानडी शिकविले, ही हकीकत बिदर जिल्ह्यात आजही अभिमानाने सांगितली जाते. मराठी शाळेची आणि कानडी शाळेची दुःखे तेव्हा सख्ख्या बहिणींची होती. पुढील वादाच्या धुराळ्यात आपण हे विसरलो.

याच काळात उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली आणि १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर तिचे मुख्याध्यापक झाले. हेच पुढील स्वामी रामानंद तीर्थ. कानडी मुलखात जन्मलेला हा पुरुष मराठी मुलांचा गुरुजी झाला, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा नेता झाला आणि १९५२ साली गुलबर्ग्यातूनच लोकसभेवर निवडून गेला. भाषावार प्रांत झाले पाहिजेत आणि त्यासाठी हैदराबाद राज्याची त्रिभागणी झाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. उर्दूची सक्ती सरली. मराठी व कानडी शाळांनी मोकळा श्वास घेतला. तो आठच वर्षांचा काळ होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा मुंबई राज्यात गेले; बिदर, भालकी व गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले. कालपर्यंत एका जिल्ह्याच्या असलेल्या भालकी आणि उदगीरच्या मुलांची क्रमिक पुस्तके, परीक्षा आणि नोकरीची दारे त्या दिवसापासून निराळी झाली. तत्त्व न्यायाचे होते. सीमेवरच्या मराठी घराला मात्र राज्यभाषा पुन्हा परकीच मिळाली.

येथून सीमाभागातील मराठी हायस्कुलाचा तिसरा जन्म सुरू होतो. फरक हा की या वेळी हाती सनद आहे. राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांस आपल्या संस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक ठरवावयाचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. म्हणून कर्नाटकातील मराठी माणूस, आणि कारवार-मंगळूरचा आपला कोकणी बांधवही, या हक्काचा धनी आहे. शालान्त परीक्षेत प्रथम भाषा म्हणून मराठी घेता येते.

परंतु वाचकांनी एक बारकावा ध्यानी घ्यावा. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेला ३५० अ हा अनुच्छेद मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास राज्यांस सांगतो. तो फक्त प्राथमिक टप्प्यापुरता. हायस्कुलाविषयी तो मौन धरतो. म्हणजे घटना मुलाला बोट धरून प्राथमिक शाळेच्या शेवटच्या पायरीपर्यंत आणते; पुढची वाट समाजाने चालावयाची. शिवाय, शिक्षणाचे माध्यम निवडणे हा मुलाचा व पालकांचा हक्क आहे, सरकारने मातृभाषाही लादू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. त्या हक्काचा उपयोग आपण कसा केला? आपलीच मुले इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवून केला. मराठी वर्गातील बाक रिकामे होतात, त्यास केवळ कानडी सरकार कारण आहे असे म्हणणे सोयीचे आहे, प्रामाणिक नाही.

जुने ते सारे सोन्याचे होते, असे आम्ही म्हणत नाही. त्या काळी हायस्कुलापर्यंत पोचणारी मुले मूठभर, बहुतांशी पांढरपेशा घरांतील, आणि मुली विरळाच. आज शेतकऱ्याची आणि मजुराची लेक दहावीला बसते. हा लाभ इतका मोठा आहे की केवळ भाषेच्या हानीने तो झाकता येणार नाही. नूतन विद्यालयाच्या संस्थेने पुढे पदवी महाविद्यालयही चालविले. २०१४ मध्ये गावाचे नाव कलबुर्गी झाले. शतक ओलांडलेल्या संस्थेने काळाबरोबर वाकावे, हे तिच्या जिवंतपणाचेच लक्षण आहे.

प्रश्न तिचा नाही, आपला आहे. १९०७ मध्ये हक्क नव्हता, इच्छा होती. आज हक्क आहे, इच्छेचे काय? सीमाभागातील मुलाने कानडी उत्तम शिकावी, त्यावाचून त्याला न्याय मिळणार नाही. पण दहावीपर्यंत मराठी हा एक विषय तरी त्याच्या हाती राहावा, एवढे समाजाला अवघड नाही. देवळाच्या फंडातून उत्सव होतात, रथाला रंग मिळतो. ते योग्यच आहे. त्याच फंडातून एका मराठी शिक्षकाचे वेतन निघाले, तर देव रुष्ट होईल असे आम्हांस वाटत नाही. पणजीच्या त्या गृहिणींनी बाजूला काढलेले तांदूळ नैवेद्याच्याच डब्यातले होते.

खटकचिंचोळीच्या बाजूचा कोणी नातू पुन्हा आमच्याकडे जुना कागद घेऊन येईल. उर्दू मजकूर आम्ही जाणकाराकडून वाचवून घेऊ. परंतु आजोबांचे नाव वाचून दाखविण्यासाठी तरी त्याला वकील लागू नये.